वैशाखांत टिकणारी बाग

मृगाचा पाऊस पडून गेला कीं बाग करण्याचा उत्साह ज्याला येत नाहीं असा विद्यार्थी विरळा. ह्या दिवसांत रोपवाटिकेंत जें रोप फुललेलें दिसेल तें घरीं येतें, जेथें जागा सांपडेल तेथें खड्डा खणला जातो, आणि श्रावणांत अंगण असें हिरवेंगार होतें कीं येणाऱ्याजाणाऱ्यानें क्षणभर थांबून पाहावें. पण बागेची खरी परीक्षा वैशाखांत होते. त्या वेळीं आड तळाला गेलेला असतो, नळाला दिवसाआड किंवा त्याहूनहि उशिरा पाणी येतें, आणि दुपारचें ऊन मातींतला उरलासुरला ओलावा ओढून घेत असतें. अशा वेळीं निम्मीं झाडें वाळलीं म्हणजे घरांतलीं माणसें मुलांच्या आळसाला दोष देतात. विचार करून पाहिलें तर पुष्कळदां ती बाग, रोपें निवडलीं त्या दिवशींच बिघडलेली असते.

घरच्या बागेसाठीं झाडें कशीं निवडावीं ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे कीं, झाड निवडतांना वैशाखांतला हंडा डोळ्यांपुढें ठेवावा. त्या हंड्यांतून त्या झाडाच्या वांट्याला किती पाणी येऊं शकेल हें आधीं ठरवावें, आणि मग तेवढ्यांत सुखानें राहील असेंच झाड घरीं आणावें. हा नियम सोपा आहे. तरी तो पाळावयाचा तर थोडें गणित व थोडें वनस्पतिशास्त्र जाणणें अवश्य आहे.

पाण्याचा हिशेब

आम्ही येथें मुख्यतः देशावरच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशाविषयीं लिहीत आहों. महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून तीसबत्तीस किलोमीटरांवर असलेल्या वाईस त्याचा लहानसा अंशच मिळतो. आणखी पूर्वेस गेलें म्हणजे सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर), बीड, धाराशिव ह्या भागांत साधारणपणें ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडून जातो. बाकीचे आठ महिने झाडानें सांठ्यावर काढावयाचे असतात. शिवाय ही सरासरी झाली. एखादें वर्ष तिच्यापेक्षां फार कमी पडतें. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या आजीआजोबांकडून आपण ऐकल्या असतील. एप्रिल २०१६ मध्यें तर लातूर शहरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें.

आतां थोडें गणित करूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तें पाणी बरोबर एक लिटर भरतें. समजा, आपलें अंगण पांच मीटर लांब व चार मीटर रुंद, म्हणजे २० चौरस मीटर आहे. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या अंगणांत आकाशांतून १२,००० लिटर पाणी येतें. हा आंकडा मोठा दिसतो. पण त्यांतलें पुष्कळसें वाहून जातें, आणि उरलेलेंहि आठ महिने पुरवावयाचें असतें.

ह्याच अंगणांत कोणी हौसेनें मखमली हिरवळ लावली असें समजा. कडक उन्हाळ्यांत ती टवटवीत ठेवावयाची तर चौरस मीटरास दररोज सुमारें पांच लिटर पाणी द्यावें लागेल. म्हणजे रोजचे १०० लिटर झाले. मार्च, एप्रिल व मे ह्या ९२ दिवसांचे ९,२०० लिटर झाले. आतां दुसरा आंकडा पाहा. केंद्र सरकारनें २०१९ सालीं जलजीवन मिशन सुरू केलें, तेव्हां खेड्यांतील प्रत्येक माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें प्रमाण ठरविलें. पिणें, स्वयंपाक, स्नान, धुणें, सर्व कांहीं त्यांतच आलें. ह्या हिशेबानें आपली ती लहानशी हिरवळ जवळजवळ दोन माणसांचा वांटा एकटी पिऊन टाकते. जेथें हें पाणी आईच्या किंवा बहिणीच्या डोक्यावरून घरीं येतें, तेथें हा वांटा कोणाच्या श्रमांतून जातो हें सांगावयास नको.

बाग करूंच नये असा ह्याचा अर्थ नव्हे. उन्हाळा जितका कडक तितकी घराला सावलीची, थंडाव्याची आणि फुलांची गरज अधिक. हिशेब करावयाचा तो बाग सोडून देण्यासाठीं नसून ती टिकविण्यासाठीं आहे.

पान वाचण्याची विद्या

कोणत्या झाडाला पाणी कमी लागतें हें कसें ओळखावें? रोपें विकणाऱ्यास विचारलें तर तो बहुधा सर्वच रोपांची शिफारस करील. त्यापेक्षां झाडालाच विचारावें. त्याचें उत्तर त्याच्या पानावर लिहिलेलें असतें.

झाड मुळांनीं पाणी शोषून घेतें, पण त्यांतला फार मोठा भाग पानांतून वाफ होऊन हवेंत जातो. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारीं सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. अन्न तयार करण्यास लागणारा कार्बन डायऑक्साइड वायु ह्या रंध्रांवाटे आंत येतो, आणि त्याच दारानें पाणी बाहेर जातें. दार बंद ठेवावें तर उपासमार, उघडें ठेवावें तर तहान, अशा पेंचांत प्रत्येक झाड असतें. कोरड्या प्रदेशांतल्या झाडांनीं ह्या पेंचांतून निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत.

पहिली वाट पानें गाळण्याची. सीताफळ, पांढरा चाफा व बोर हीं झाडें कोरड्या दिवसांत आपलीं पानें टाकून देतात. पारिजातकहि उन्हाळ्यांत बरींच पानें गाळतो. पान नाहीं म्हणजे खर्च नाहीं. चाफ्याच्या जाड फांद्यांत तर पाण्याचा थोडाफार सांठाहि असतो; म्हणूनच त्याची तोडलेली फांदी आठ दिवस सावलींत पडून राहिली तरी मरत नाहीं, उलट तोंड सुकल्यावर लावली म्हणजे चांगली लागते.

दुसरी वाट पान लहान करण्याची. शेवगा आणि आवळा ह्यांचीं पानें पाहा. एका मोठ्या पानाऐवजीं बारीक बारीक पर्णिका किंवा पानें त्यांनीं धारण केलीं आहेत. लहान पान उन्हांत लवकर तापत नाहीं, वाऱ्याने त्याची उष्णता निघून जाते, आणि प्रसंग पडल्यास झाड तें सहज टाकून देतें. शेवग्यानें आणखी एक तजवीज केली आहे. त्याचें कोवळें मूळ मुळ्यासारखें फुगून त्यांत पाणी व अन्न सांठतें.

तिसरी वाट पानाला पांघरूण घालण्याची. माळावरच्या रुईचें पान बोटानें चोळून पाहा. त्यावर पांढरट लव व मेणासारखा थर दिसेल. बोराचें पान उलटें केलें तर त्याची खालची बाजू लवेनें पांढुरकी झालेली दिसते. कण्हेरीनें तर आपलीं रंध्रें पानाच्या खालच्या बाजूस असलेल्या लहान लहान खळग्यांत लपवून त्या खळग्यांच्या तोंडाशीं केंस उगविले आहेत, म्हणजे कोरडा वारा तेथवर सहज पोहोंचूं नये. शाळेंत सूक्ष्मदर्शक यंत्र असेल तर शिक्षकांकडून पानाचा पातळ छेद घेऊन हें अवश्य पाहावें.

चौथी वाट मोठी विलक्षण आहे. कोरफड, निवडुंग व पानफुटी ह्या वनस्पति आपलीं रंध्रें बहुतांशीं रात्रीं उघडतात. रात्रींच्या गारव्यांत त्या कार्बन डायऑक्साइड आंत घेतात, त्याचें आम्ल करून सांठवितात, आणि दिवसा दारें लावून घेऊन तें आम्ल अन्न तयार करण्यास वापरतात. पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें व दिवस चढतो तसा त्याचा आंबटपणा जातो, हें हिंदुस्थानांत काम करणाऱ्या बेंजामिन हाइन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें पाहिलें, आणि त्याचें हें निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीनें १८१५ सालीं प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांनीं पानाची चव मात्र घेऊं नये. एक पान पहाटे व एक संध्याकाळीं तोडून, वाटून, त्यांचा रस प्रयोगशाळेंतील आम्लता दाखविणाऱ्या कागदावर टाकावा. दोन रंगांतला फरक पाहून जो आनंद होईल तो पाठ केलेल्या धड्यानें होणार नाहीं.

पांचवी वाट खोल जाण्याची. कडुनिंब व बोर ह्यांचीं मुळें खोल जाऊन तेथला ओलावा शोधतात. म्हणूनच भर चैत्रांत, सर्व माळ करपलेला असतां, कडुनिंबास कोंवळी पालवी फुटलेली आपण पाहतों.

आतां ह्याच्या उलट केळीचें पान पाहा. तें रुंद, पातळ, मऊ, लवेवांचून, ओल्या जागेंत वाढण्यासाठीं घडलेलें आहे. अळू व कर्दळ हीं त्याच जातकुळीचीं. ह्या झाडांचा ह्यांत दोष नाहीं. त्यांची मूळ वस्तीच ओलाव्याची आहे. त्यांना कोरड्या कुंपणाशीं उभें करणाऱ्याची मात्र चूक आहे.

तहानेप्रमाणें जागा

झाडें ओळखतां येऊं लागलीं म्हणजे त्यांना जागा द्यावयाची. अमेरिकेंतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्यानें १९८१ सालीं कमी पाण्याच्या बागेची एक पद्धति लोकांपुढें मांडली व ‘कोरडा’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला ‘झेरिस्केप’ असें नांव दिलें. सारख्या तहानेचीं झाडें एकत्र लावावीं, हें तिच्यांतलें एक मुख्य तत्त्व आहे. नांव नवें असलें तरी आपल्या घरांतल्या वडील माणसांना हें तत्त्व ठाऊक होतें. न्हाणीच्या मोरीपाशीं अळू व केळ, अंगणाच्या मध्यें तुळस, आणि कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा ही जुनी मांडणी आठवून पाहा. तींत पाण्याचा सगळा हिशेब आला आहे.

म्हणून अंगणाचे मनानें तीन भाग करावे. पहिला भाग मोरीचा. पांच माणसांच्या घरांत प्रत्येकाच्या स्नानास एक पंधरा लिटरांची बादली धरली तरी रोज ७५ लिटर पाणी ह्या वाटेनें जातें. केळ, अळू, कर्दळ, जास्वंद हीं तहानलेलीं झाडें येथेंच लावावीं, इतरत्र नको. ह्या पाण्याचें डबकें मात्र होऊं देऊं नये, नाहीं तर डांस होतात. धुण्याच्या पुडीचें किंवा सोड्याचें कडक पाणी झाडांना सोडूं नये, आणि कच्च्या खावयाच्या भाज्यांना हें सांडपाणी घालूं नये.

दुसरा भाग घराच्या दारापुढचा, जेथें आपण आठवड्यांतून एकदोन वेळां हातानें पाणी घालूं शकतों. तुळस, मोगरा, तगर, अबोली, कढीलिंब ह्यांची येथें सोय करावी. हा भाग लहान ठेवावा. मोगऱ्याचीं दोनच झाडें असलीं आणि तीं नीट जोपासलीं तर उन्हाळ्यांतल्या संध्याकाळीं सारें घर सुवासानें भरून जातें; दहा झाडें अर्धीं वाळलेलीं असून कांहीं उपयोग नाहीं.

तिसरा भाग सर्वांत मोठा. कुंपणाच्या कडेचा, पश्चिमेच्या उन्हाचा, जेथें पावसाचें पाणी सोडून दुसरें पाणी सहसा पोहोंचणार नाहीं असा हा भाग होय. आमच्या सांगण्याचा मुख्य रोख ह्या भागाकडे आहे.

कोरड्या भागाचे सोबती

ह्या भागासाठीं झाडें घेतांना प्रत्येक झाडानें सावली, फळ, फूल, औषध किंवा कुंपण ह्यांपैकीं एखादें काम करावें असें पाहावें.

सावलीसाठीं, जागा मोठी असेल तर पश्चिमेच्या बाजूस, भिंतीपासून पुरेशा अंतरावर एक कडुनिंब लावावा. दुपारचें ऊन भिंतीवर येण्यापूर्वीं त्याच्या माथ्यावर अडतें आणि घर थंड राहतें. जागा लहान असेल तर पारिजातक किंवा चाफा पुरे.

फळांसाठीं सीताफळ, बोर, आवळा व डाळिंब हीं चार नांवें ध्यानांत ठेवावीं. सीताफळाच्या पानास शेळ्या तोंड लावीत नाहींत, हा खेड्यांत मोठाच गुण होय. डाळिंब काटक असलें तरी फळ भरण्याच्या वेळीं त्यास नियमित पाणी लागतें. तेवढें जपलें नाहीं तर फळें तडकतात. शेवगा तर प्रत्येक घरीं असावा. त्याच्या शेंगा, पानें व फुलें सर्वच खाण्यास येतात. त्याचें लाकूड ठिसूळ असल्यामुळें फांदी वाऱ्यानें मोडते. म्हणून तो छपराला लागून लावूं नये व दरवर्षीं छाटून ठेंगणा ठेवावा.

फुलांसाठीं प्रथम तरवड सुचवितों. हें आपल्या माळावरचें झुडूप असल्यामुळें रोपवाटिकेंत त्यास कोणी विचारीत नाहीं. पण त्याचीं सोनेरी पिवळीं फुलें एकदां अंगणांत फुललीं म्हणजे तें माळावर का टाकलें होतें असें वाटतें. कोरांटी हीहि तशीच घरची व काटक. तिला कांटे असल्यानें कुंपणाचें कामहि होतें. सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. ती भिंतीच्या भेगेंतहि उगवते व जवळजवळ वर्षभर फुलते. हिच्यापासून मिळणारीं विन्क्रिस्टिन व विन्ब्लास्टिन हीं औषधें रक्ताच्या कर्करोगासारख्या दुखण्यांवर दिलीं जातात, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. तिचीं पानें घरच्या घरीं औषध म्हणून खाणें मात्र घातक आहे.

वेलींत बोगनवेलीची बरोबरी कोणी करणार नाहीं. १७६६ ते १७६९ ह्या वर्षांत ज्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली त्या बोगनव्हील ह्या फ्रेंच दर्यावर्द्याचें नांव तिला मिळालें आहे. जीं रंगीत पाकळ्यांसारखीं दिसतात तीं वास्तविक पानेंच होत. खरें फूल त्यांच्या मध्यें असलेलें लहानसें पांढुरकें नळकांडें आहे. हिची एक गंमत अशी कीं पाणी फार दिलें तर ती नुसती पानांनीं भरते, आणि थोडा ताण दिला म्हणजे रंगांनीं बहरते. कमी पाण्याची बाग रुक्ष व कांटेरी दिसते असें ज्यांना वाटतें त्यांनीं मे महिन्यांत एखादी जुनी बोगनवेल पाहून यावें.

कुंपणासाठीं मेंदी व अडुळसा, कोपऱ्यांत कोरफड, आणि जमिनीवर हिरवेंपण हवेंच असेल तर आपली साधी हरळी. उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, पण मरत नाहीं. पहिल्या वळवानें पुन्हां हिरवी होते. वर्षांतून तीन महिने पिवळी हरळी पाहण्याची संवय करून घेतली तर वर काढलेला ९,२०० लिटरांचा हिशेब पुसून टाकतां येतो.

ह्या यादींत चाफा, सीताफळ व बोगनवेल अमेरिका खंडांतून आलेलीं आहेत, आणि तरवड, कोरांटी व बोर आपल्या भूमींतलीं आहेत. काटकसर हा गुण कोणा एका देशाच्या मालकीचा नाहीं. तरी निम्मीं झाडें आपल्या मातींतलीं असावीं असें आम्ही सुचवूं, कारण येथल्या पाखरांची व फुलपांखरांची त्यांच्याशीं जुनी ओळख आहे. तरवडाच्या पानांवर पिवळसर पांढऱ्या फुलपांखरांच्या अळ्या वाढतात. चार पानें खाल्लेलीं दिसलीं म्हणून लगेच औषध फवारूं नये.

दोन सावधगिरीच्या सूचना

पाणी लागत नाहीं एवढ्या एकाच गुणावर भाळून झाड घरांत आणूं नये. कण्हेर फार काटक खरी, पण तिचें अंगप्रत्यंग विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर त्याहून भयंकर. घरांत रांगतें मूल किंवा गोठ्यांत जनावर असेल तर ह्या दोन्हीं टाळाव्या. शेराचा व रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते.

दुसरी गोष्ट पसरण्याची. घाणेरी, वेडी बाभूळ व सुबाभूळ ह्यांना कोणी पाणी घालीत नाहीं, कोणी राखीत नाहीं, तरी तीं वाढतात. आणि वाढतां वाढतां शेजाऱ्याचें शेत, गायरान व ओढ्याचा कांठ व्यापून टाकतात. आपल्या अंगणांतलें झाड गांवाला उपद्रव देणार असेल तर आपल्या बचतीची किंमत दुसऱ्यानें दिली असें होतें.

लावणी व जोपासना

झाड कितीहि काटक असलें तरी तें जन्मतः काटक नसतें. कमी पाण्याचें झाड म्हणजे बिनपाण्याचें झाड नव्हे. मूळ खोल जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन उन्हाळे, त्यास हात द्यावा लागतो. पुष्कळ जण पहिल्याच वर्षीं हात काढून घेतात आणि मग झाडाला नांवें ठेवतात.

लावणी पावसाच्या आरंभीं, जमीन चांगली भिजल्यावर करावी. म्हणजे उन्हाळा येईपर्यंत मुळांस आठनऊ महिने मिळतात. खड्डा रोपाच्या मानानें मोठा घ्यावा. जमीन मुरमाड असेल तर पाणी झरझर निघून जातें. तेथें कुजलेलें शेणखत व थोडी पोयट्याची माती मिसळावी. काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण पावसाळ्यांत तींत कोरफडीसारख्या झाडांचीं मुळें कुजतात. तेथें खडी-मुरूम घालून उंचवटा करावा व त्यावर लावणी करावी.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षां क्वचित् पण भरपूर द्यावें. मुळें पाण्याच्या मागोमाग जातात. रोज वरवर पाणी शिंपडलें तर तीं वरच्याच थरांत पसरतात आणि दोन दिवस पाणी चुकतांच झाड मान टाकतें. आठवड्यानें एकदां आळें भरून दिलें तर पाणी खोल मुरतें व मुळेंहि खोल जातात. आळें बुंध्याला चिकटून न करतां फांद्यांच्या घेराखालीं करावें, व झाड वाढेल तसें तें रुंद करीत जावें. पाणी सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यावें.

आळ्यांतली माती उघडी ठेवूं नये. वाळलेला पाला, उसाचें पाचट किंवा बारीक खडी ह्यांचा चार बोटें जाडीचा थर पसरावा. बुंध्याभोंवतीं मात्र थोडी जागा मोकळी सोडावी. ह्या आच्छादनानें माती तापत नाहीं, ओल टिकते आणि गवत माजत नाहीं. अंगण झाडून पाचोळा जाळून टाकण्याची जी चाल आहे ती सोडावी. तो पाचोळा म्हणजे झाडाचें पांघरूणच आहे.

आणखी एक सोपी युक्ति. पाझरणारें साधें मातीचें मडकें घेऊन तें रोपाच्या शेजारीं गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. मडक्याच्या अंगांतून पाणी हळूहळू पाझरून थेट मुळांना मिळतें, आणि वाफ होऊन फारसें वायां जात नाहीं. दोन दिवस गांवाला जावयाचें असलें तरी रोपाची काळजी राहत नाहीं.

खताचाहि अतिरेक नको. फार खतानें कोंवळी, लुसलुशीत वाढ होते आणि ती फार पाणी मागते. कोरड्या भागांतल्या झाडानें सावकाश वाढावें हेंच त्याच्या हिताचें.

पालकांस दोन शब्द

ह्या कामाला पैसा थोडा लागतो. चाफा व बोगनवेल फांदीनें, कोरफड पिल्लांनीं, सीताफळ बियांनीं, शेवगा बियांनीं किंवा फांदीनें होतो. शेजारणीकडे मागितलें तर कोणी नाहीं म्हणत नाहीं. मुलांच्या स्वाधीन सगळें अंगण करण्यापेक्षां एक झाड व एक बादली एवढेंच करावें, आणि ती बादली कोठून भरावयाची हेंहि त्यांनाच ठरवूं द्यावें. आज घरांत किती पाणी आलें, किती गेलें, झाडास काय उरलें, हा प्रश्न जें मूल रोज स्वतःला विचारतें, तें मोठेपणीं गांवाच्या विहिरीचा व तळ्याचाहि हिशेब मागेल.

अभ्यासासाठीं

१. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या परिसरांतील दहा झाडांचीं पानें जमवा. प्रत्येक झाड पाणी वांचविण्यासाठीं वर सांगितलेल्या पांच वाटांपैकीं कोणती वाट धरतें तें लिहा. एखादें झाड दोन वाटा धरतें काय?

२. आपल्या अंगणाची लांबीरुंदी मोजून, ६०० मिलिमीटर पाऊस धरल्यास त्यावर वर्षाला किती लिटर पाणी पडतें तें काढा. घराच्या छपराचाहि असाच हिशेब करा.

३. सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. एकींतील माती उघडी ठेवा, दुसरीवर पाचोळ्याचा थर घाला. दोहोंत सारखें पाणी घालून कोणती माती किती दिवसांनीं कोरडी होते तें पाहून टांचण ठेवा.

४. घरीं दिवसाला किती पाणी येतें, तें कोण आणतें किंवा भरतें, आणि त्यांतलें बागेला किती जातें, हें एक आठवडाभर लिहून ठेवा. मग पुढील मृगांत कोणतीं तीन झाडें लावावयाचीं तें ठरवा.